व्याह्यांच्या गाडीतले नारिंगी काटे

आमच्याकडे शटर एक आणि दुकानं दोन. डावीकडे मी गाड्यांची सीट कव्हरं शिवतो आणि उजवीकडे काटेवाला बसतो. मध्ये भिंत नाही, एक लोखंडी कपाट आहे, आणि त्या कपाटावरून आम्ही दिवसभर एकमेकांचं डोकं खातो. त्यामुळे त्याच्याबद्दल सांगतोय ते ऐकीव नाही. बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालंय, आणि उरलेलं त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की आता माझंही पाठ झालंय.

गाडीच्या डॅशबोर्डवर मीटर असतात ना, वेगाचा, इंजिन किती तापलंय त्याचा, पेट्रोलचा, त्यांचे काटे हा माणूस रंगवून देतो. यावर कोणाचं पोट भरत असेल असं मलाही तो शेजारी येईपर्यंत वाटलं नव्हतं. पण जगात हौशी लोकांना तोटा नाही. कोणाला पांढऱ्याचे लाल हवेत, कोणाला निळे. एकाला बायकोच्या नेलपॉलिशच्या रंगाचे हवे होते आणि नमुना म्हणून तो बायकोलाच घेऊन आला होता. काटेवाल्याने तिची बोटं ट्यूबलाइटखाली धरून रंग मिसळला आणि तो बिचारा नवरा शेजारी अवघडून उभा राहिला.

काम दिसतं तेवढं सोपं नाही, हे मात्र कबूल करतो. मीटर बाहेर काढायचा, वरची पारदर्शक काच सोडवायची, डायलवर ओरखडा पडू नये म्हणून पत्त्यांच्या जोडातलं एक पान ठेवायचं आणि मग दोन चमचे दोन बाजूंनी घालून काटा अलगद उचलायचा. हो, चमचे. घरातले. घरी पाहुणे आले की त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, चमचे दुकानातून मागवावे लागतात. मग काट्याला आधी पांढरा हात द्यायचा, त्यावर हवा तो रंग, तोही पातळ, कारण जाड झाला तर काटा जड होतो आणि मान टाकतो.

या सगळ्याच्या आधी एक काम असतं आणि त्यावर काटेवाल्याचा फार जोर. काटा उपटण्यापूर्वी तो जिथे उभा आहे तिथे डायलवर पांढऱ्या टेपची बारीक पट्टी लावायची. ही खूण. रंगवलेला काटा परत त्या खुणेवर बसला तर तो खरं बोलतो. थोडा जरी सरकून बसला तर पुढे कायम खोटं बोलतो आणि गाडीवाल्याला पत्ताही लागत नाही. खूण चुकून राहिलीच तर पेट्रोलच्या काट्याला एकच उपाय, गाडी पंपावर न्यायची, टाकी काठोकाठ भरायची आणि काटा पूर्ण भरल्याच्या रेघेवर बसवायचा. बाजारातले बाकीचे लोक अंदाजाने काटे बसवतात म्हणून हा त्यांना येताजाता शिव्या देत असे. "अंदाज करायचा तर भविष्य सांगायला बसावं," असं त्याचं म्हणणं. आपल्या कामात आजवर चूक निघालेली नाही, हेही तो ज्याला त्याला ऐकवी. मी तर ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्याने तोंड उघडलं की मी मशीन जोरात चालवायला घ्यायचो.

त्याला एकच मुलगी. तिचं लग्न झालं ते घर चांगलं. तिचे सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. मोठा सरळ माणूस. इतक्या वर्षांत माझी गाडी रस्त्यात पेट्रोल-डिझेल संपून कधी उभी राहिली नाही, हा त्यांचा एकच अभिमान, आणि तोही ते कोणी विचारलं तरच सांगायचे. आमच्या काटेवाल्यापेक्षा शंभर पटीने बरं. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती. बायकोला दवाखान्यात ने, मुलाला ऑफिसला सोड, सुनेला बाजारात ने, यातच त्यांचा दिवस जायचा, आणि आनंदात जायचा.

तर एके दिवशी दुपारी व्याही गाडी घेऊन दुकानावर आले. जरा खाली मान घालूनच आले.

"व्याही, एक काम होतं," ते म्हणाले. "मला हे काटे हल्ली नीट दिसत नाहीत. पांढरे काटे, पांढरे आकडे, सगळं एकात एक मिसळतं. पोरगा म्हणतो, दिसत नाही तर चालवता कशाला. तेवढे जरा भडक करून द्या ना. म्हणजे त्याचं तोंड बंद होईल."

"अहो, काम होतं काय म्हणता, हुकूम करा!" काटेवाला टुणकन उठला. "नारिंगी करतो. डोळे मिटले तरी दिसतील."

व्याह्यांसाठी स्टूल आलं, चहा आला, पंखा त्यांच्याकडे वळला. माझ्याकडचा वारा गेला ते गेलाच. काटेवाला त्या दिवशी नुसता काम करत नव्हता, काम दाखवत होता. चमचा असा धरायचा, मनगट असं ठेवायचं, दम असा रोखायचा. व्याही मान डोलवत होते. वेगाच्या काट्याला खूण झाली, तो निघाला. गरमीच्या काट्याला खूण झाली, तोही निघाला.

"हाताला काय सफाई आहे हो तुमच्या," व्याही म्हणाले. "तुम्ही सर्जनच व्हायला हवं होतं!"

झालं. स्वारी फुलली. काहीतरी विनयाचं बोलत बोलत त्याने चमचे घातले आणि पेट्रोलचा काटा टपकन वर आला. मी कपाटावरून बघत होतो. त्याचा हात तिथेच थांबला. त्याने डायलकडे बघितलं. टेप नव्हती. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी भुवया उंचावल्या. त्याने नजर काढून घेतली.

दुसरं कोणी गिऱ्हाईक असतं तर त्याने सरळ सांगितलं असतं, खूण राहिली, चला पंपावर. पण समोर मुलीचे सासरे बसलेले, आत्ताच सर्जन म्हणालेले. त्यांच्यापुढे आपली चूक कबूल करायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. तो चमचे पुसत सहज विचारल्यासारखं म्हणाला, "टाकीत किती असेल हो?"

"असेल निम्मं. मागे घातलंय."

रंग वाळल्यावर त्याने काटा निम्म्यावर बसवला.

व्याही गेल्यावर मी बोललो. "अरे, निम्मं म्हणजे काय? त्यांना तरी नक्की काय माहीत? फोन कर, पंपावर बोलाव."

"जन्मभर बस चालवलेला माणूस आहे. त्याला अंदाज असतो."

"अंदाजाचं काय म्हणत असतोस तू?"

"तू तुझी कव्हरं शिव," तो म्हणाला आणि त्याने रेडिओ मोठा केला.

टाकीत निम्मं नव्हतंच. पाव होतं. म्हणजे त्या दिवसापासून तो देखणा नारिंगी काटा टाकीत असेल त्यापेक्षा पावभर जास्त दाखवू लागला. आणि त्या जुन्या गाडीला पेट्रोल संपत आल्याचा दिवा नव्हता. जे काय कळायचं ते काट्यावरूनच.

मग एका सकाळी काटेवाल्याला जावयाचा फोन आला. गाडी पुलावर बंद पडलीय, पेट्रोल संपलंय, घेऊन याल का. काटेवाल्याने स्कूटर काढली. कॅन धरायला कोणी हवं म्हणून मी मागे बसलो. वाटेत पंपावर कॅन भरला आणि निघालो.

ऑफिसची वेळ. पुलावर मागे गाड्यांची ही रांग, जो तो हॉर्नवर हात ठेवून बसलेला. जावई एरवी शांत मुलगा, पण त्या दिवशी त्याची साहेबांबरोबर कसलीशी महत्त्वाची बैठक होती. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, टाय खांद्यावर, गाडी ढकलून ढकलून हात काळे झालेले. एका हाताने फोन कानाला लावून तो ऑफिसातल्या कोणाची तरी माफी मागत होता आणि मधूनच वडिलांवर ओरडत होता. "साधं पेट्रोल बघता येत नाही तुम्हाला, पप्पा? मग चालवायची हौस कशाला?" येणारेजाणारे बघत होते. व्याही स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. शाळेत मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

काटेवाल्याने पेट्रोल ओतलं. व्याह्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. काटेवाला खिडकीतून वाकला आणि त्याने काट्याकडे बघितलं. थोडंसं पेट्रोल घातलं होतं आणि काटा निम्म्याच्या जवळ जाऊन उभा होता. माझ्यासारख्या कव्हरवाल्यालाही कळलं, तर त्याला कळलं नसेल?

"व्याही," मुलीचे सासरे आतून हळूच म्हणाले, "पण काटा पाव दाखवत होता हो. मी निघताना बघितला होता."

जावयाने फोन कानावरून खाली घेतला. "बाबा, काटा चुकत असेल का?"

सगळे काटेवाल्याच्या तोंडाकडे बघत होते. व्याही तर असे बघत होते की जणू त्यांचं सगळं आता याच्या जिभेवर आहे. मी मागून त्याच्या शर्टाला हिसका दिला.

"काटे मी स्वतः बसवलेत," काटेवाला म्हणाला. "काट्यात चूक नाही."

व्याह्यांनी हळूहळू मान हलवली. "मग मीच नीट बघितलं नसेल," ते म्हणाले. आणि गाडीतून उतरून त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली.

परत येताना मी स्कूटरवर मागून त्याला जे बोलायचं ते सगळं बोललो. तो ऐकत होता की नाही देव जाणे. दुकानात आल्यावर तो कपाटाआड बसून राहिला. संध्याकाळी म्हणाला, "मुलगी नांदतेय रे तिथे. तिच्या बापामुळे पुलावर तमाशा झाला हे त्यांना कळलं तर तिला काय वाटेल?" मी म्हणालो, मुलीला मध्ये आणू नकोस, तुझी सफाई उघडी पडली असती म्हणून तू खोटं बोललास. तो चिडला. खरं होतं म्हणून चिडला.

दुसऱ्याच दिवशी तो व्याह्यांच्या घरी गेला, मीटरमध्ये धूळ बसलीय, साफ करून देतो म्हणून गाडी घेऊन आला, पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि काटा जिथे हवा तिथे बसवला. मला वाटलं, आता सांगेल. कसलं काय. गाडी परत देऊन आला आणि हात झटकून मोकळा झाला. "आता प्रश्नच मिटला," म्हणाला. मला त्या वेळी त्याचं टाळकं फोडावंसं वाटलं होतं.

प्रश्न कुठला मिटतोय? किल्ली जावयाच्या खिशात गेली ती परत आलीच नाही. ज्या गाडीसाठी व्याह्यांनी काटे भडक करून घेतले होते त्या गाडीत ते आता मागच्या सीटवर बसायचे. तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण मुलगी बापाकडे यायची तेव्हा एकेक ऐकवून जायची. पप्पा गॅस बंद केला का ते उठून उठून बघतात. दार लावल्यावर कुलूप ओढून बघतात, जिना उतरतात, परत चढतात, परत ओढतात. सासूबाईंना विचारतात, मी गोळी घेतली का? आधी सगळे हसले. मग कोणी हसेना.

"ते मला म्हणाले," मुलगी एकदा म्हणाली, "काटा मला पावावर स्पष्ट दिसला होता गं. नसलेली गोष्ट दिसायला लागली म्हणजे डोकं चाललं की काय माझं?"

काटेवाला रंगाची बाटली ढवळत होता. ढवळतच राहिला. मुलगी गेल्यावर तो मोरीपाशी जाऊन तोंड धुऊन आला. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून तो सांगत नव्हता, आणि सांगत नाही म्हणून आणखी लाज. जेवणाचा डबा तसाच परत जाऊ लागला. वहिनी मला विचारायच्या, तब्येत बरी नाही का यांची? मी म्हणायचो, त्यालाच विचारा.

शेवटी जावयाने वडिलांना डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने काही प्रश्न विचारले, वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. ते सगळं व्याह्यांनी केलं. मग कागद देऊन सांगितलं, घड्याळाचं चित्र काढा. त्यांनी गोल काढला, आकडे घातले. डॉक्टर म्हणाले, आता यात काटे काढा. आणि तिथे व्याह्यांचा हात थांबला. पेन्सिल कागदावर टेकवून ते बसून राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, काट्यांचं तेवढं मला विचारू नका. काट्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही."

मुलगी हे सांगताना रडली. काटेवाला उठला, पायात चप्पल सरकवली आणि मला म्हणाला, "चल."

"कुठे?"

"व्याह्यांकडे. तू पाहिजेस. नाहीतर मी जिन्यावरूनच परत फिरेन."

शटर अर्धं ओढून आम्ही तिघं गेलो. सुट्टीचा दिवस होता, जावई घरी होता. व्याही खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. विहीणबाईंनी पाणी आणलं. काटेवाल्याने पेला हातात घेतला, तोंडाला लावला नाही.

"व्याही, माझं ऐका," तो म्हणाला. "तुम्हाला काही झालेलं नाही. काटा मी चुकीचा बसवला होता. खूण केली नव्हती. पुलावर मी खोटं बोललो."

एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, आता वीज पडणार. पण घरात सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

व्याही उठले. त्यांनी काटेवाल्याचे दोन्ही हात हातात घेतले. "किती मोठं मन आहे हो तुमचं," ते म्हणाले. "माझी लाज राखायला सगळं स्वतःवर घेताय."

"अहो, नाही! खरंच सांगतोय!"

"बाबा," जावई म्हणाला, "राहू द्या. त्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही म्हणताय, कळतंय आम्हाला. पण मी ती गाडी रोज चालवतोय. काटा अगदी बरोबर आहे."

"आता बरोबर आहे! मी नंतर नीट केला. धूळ काढायला नेली होती ना, तेव्हा."

"बरं," जावई हसून म्हणाला. तापात बडबडणाऱ्या माणसाला म्हणतात तसं.

मी मध्ये पडलो. म्हणालो, मी साक्षीला आहे, माझ्यासमोर झालंय. तर विहीणबाई मला म्हणाल्या, "तुम्हीपण चांगले मित्र आहात हो." आता काय बोलणार? चोर स्वतः ओरडून सांगतोय आणि घरचे त्यालाच पाट मांडताहेत. चहा आला, बिस्किटं आली. व्याही मुलाला सांगत होते, बघ, याला म्हणतात नातं. काटेवाल्याचा चेहरा असा झाला होता की जमिनीने पोटात घेतलं असतं तर तो आभार मानत गेला असता. त्याने पुरावा स्वतःच्या हाताने पुसला होता, आणि आता त्याच पुसलेल्या जागेवर त्याचा सत्कार चालला होता. मी इतका शरमिंदा माणूस आयुष्यात पाहिलेला नाही.

मुलगी आम्हाला सोडायला जिन्यापर्यंत आली. लहानपणी ती शाळेतून सुटली की दुकानात बसून बापाला टेपच्या पट्ट्या फाडून द्यायची. तिने बापाकडे नीट बघितलं.

"बाबा, खूण खरंच केली नव्हती ना?"

काटेवाल्याने मान हलवली.

तिने कठडा घट्ट धरला. रागावली होती. मग म्हणाली, "तुम्ही सांगून मोकळे झालात. पण त्यांना पटलेलं नाही. मग उपयोग काय? पटेपर्यंत सांगा."

"कसं पटवू?"

"ते तुम्हाला माहीत. काटे तुम्ही बसवता."

पुढच्याच आठवड्यात ती नवऱ्याकडून किल्ली मागून, मीटरचा बल्ब गेलाय असं सांगून, सासऱ्यांना घेऊन दुकानावर आली. काटेवाल्याने व्याह्यांना त्याच स्टुलावर बसवलं. पंखा नाही, चहा नाही, सर्जनगिरी नाही. नळी घालून टाकीतलं बहुतेक पेट्रोल कॅनमध्ये काढलं आणि कॅन डिकीत ठेवला. मग मीटर उघडला, चमचे घातले, पेट्रोलचा काटा काढला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत परत बसवला, पण पावभर वर सरकवून.

"त्या दिवशी असाच बसला होता," तो म्हणाला. "चला, आता तुम्ही चालवा."

"मी?" व्याही घाबरले. "मी नाही चालवत हल्ली."

"पप्पा, जा," सून म्हणाली. "मी इथे थांबते."

मला मागे बसवलं. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. व्याह्यांनी किल्ली लावली, काढली, परत लावली. पण गिअर पडला, गाडी हलली आणि हात आपोआप पूर्वीसारखे फिरू लागले. वर्कशॉपांच्या मागे लांबलचक मोकळा रस्ता आहे, कारखान्यांच्या भिंतींचा. तिथे आम्ही फेऱ्या मारू लागलो. काटा पावाच्या जरा वर होता, मग पावावर आला आणि तिथेच राहिला. व्याही एकदा रस्त्याकडे बघत, एकदा काट्याकडे. आणखी एक फेरी झाली. मग गाडीने दोन आचके दिले आणि भिंतीकडेला उभी राहिली.

व्याह्यांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. परत फिरवली. काटा पावावर, नारिंगी, ठळक.

"इथेच होता," ते म्हणाले. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "पुलावर अगदी इथेच होता."

"हो."

"म्हणजे मी बघितला होता."

"बघितला होता. तुमचं काही चुकलं नव्हतं."

व्याही स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसले. त्यांची पाठ हलत होती. मी खिडकीबाहेर बघू लागलो. मग ते सरळ झाले आणि त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"रात्री झोपताना मी घरातल्या सगळ्यांची नावं म्हणून बघायचो," ते म्हणाले. "उद्या आठवतील का म्हणून."

काटेवाला दाराची काच उगाच खालीवर करू लागला.

"मी तुम्हाला पुलावर विचारलं होतं, व्याही."

"हो."

"सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"हो."

"उतरा."

तो उतरला. मीही उतरलो, मला कोणी सांगितलं नव्हतं तरी. काटेवाल्याने डिकीतून कॅन काढून पेट्रोल ओतलं, झाकण घट्ट लावलं, डिकी आपटली. गाडी सुरू झाली आणि आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. आम्ही रिकामा कॅन घेऊन उभे. माझा काय गुन्हा होता, मी विचारलं. तो चालू लागला. भर उन्हात वाट तुडवत दुकानात आलो, तर व्याही येऊन सुनेला घेऊन गेलेले, आणि माझ्या मशीनवर अर्धवट कव्हर तसंच लोंबतंय.

त्या महिन्यात व्याह्यांकडून फोन आला नाही. मुलीचा आला, पण कामापुरता. काटेवाला गिऱ्हाइकांपुढे बढाई मारेनासा झाला. कोणी "काय सफाई आहे" म्हटलं की तो टेपचा रोल शोधायला लागायचा, हातात असला तरी. मला करमेना. भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. व्याही स्वतः चालवत होते. मागे विहीणबाई, जावई आणि मुलगी. विहीणबाईंनी काच खाली करून सांगितलं, आज रात्री आमच्याकडे जेवायला यायचं आहे, वहिनींना घरून घेऊ.

काटेवाला चमचे आणि टेप हातात घेऊन धावला. "व्याही, आधी काटा नीट करून देतो. एवढ्यात होतं."

"राहू द्या," व्याही म्हणाले. "तो तसाच राहणार आहे. पुढे बसा."

तो पुढे बसला. दार लावलं. मी खिडकीपाशी उभा होतो. व्याह्यांनी किल्ली अर्धी फिरवली, गाडी सुरू केली नाही, आणि मीटरकडे बोट दाखवलं.

"काटा किती दाखवतोय, व्याही?"

मागे जावई आपल्या हातांकडे बघत होता. पुलावर त्या हातांचा काय रंग झाला होता ते मला आठवलं, आणि तोंडाने तो काय काय बोलला होता तेही.

"निम्मा," काटेवाला म्हणाला.

"आणि टाकीत किती आहे?"

"पाव."

"मग काटा?"

काटेवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने मागे वळून एकदा मुलीकडे बघितलं, मग जावयाकडे.

"काटा खोटा आहे," तो म्हणाला. "मी बसवलाय."

"ठीक," व्याही म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली. "मग आधी पंपावर जाऊ."